रत्नागिरीची वेलांटी

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात आंबा होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. वाशीच्या मार्केटचं काही खरं नव्हतं, दलालाचा फोन कधी लागायचा, कधी नाही. मी कंपनीचं काम घेऊन मार्चमध्येच रत्नागिरीला घरी आलो होतो. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पाठवायच्या असं ठरलं. ओळखीतल्या ओळखीत चारशे पेट्यांची ऑर्डर जमली, आणि घरात इंजिनिअर आहे म्हटल्यावर लेबलांचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं.

मी ते इंजिनिअर करतो तसंच केलं. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, किती डझन, हे सगळं एका फाईलमध्ये, आणि त्यातून लेबलं छापणारा वीस ओळींचा प्रोग्राम. वर मोठ्या अक्षरात ‘रत्नागिरी हापूस’. रात्री दोन वाजता काम संपलं. सकाळी गावातल्या ओळखीच्या छपाईवाल्याकडे फाईल पाठवली, दुपारी स्टिकरांचा गठ्ठा घरी आला. बाबांनी एक स्टिकर उचललं, चष्मा वर केला आणि विचारलं, “हे कुठलं गाव?”

‘त’चा पाय मोडलेला होता आणि तो ‘न’पासून फटकून उभा होता. ‘ग’ची वेलांटी ‘ग’ला सोडून पुढच्या ‘र’वर जाऊन बसली होती. त्या ‘र’ला त्याची स्वतःची दीर्घ वेलांटी होतीच, त्यामुळे एका अक्षराच्या डोक्यावर दोन फेटे. चारशे स्टिकरांवर, चारशे वेळा. छपाईवाल्याची चूक नव्हती. त्यानं मी दिलं तेच छापलं होतं.

चूक का झाली ते मला लगेच कळलं, आणि कळल्यामुळे जास्त लाज वाटली. संगणकाच्या लेखी ‘रत्नागिरी’ म्हणजे नऊ खुणा एकापुढे एक: र, त, हलन्त, न, काना, ग, वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. उच्चारात वेलांटी ‘ग’च्या मागून येते, म्हणून साठवतानाही ती मागून येते. पण कागदावर ती ‘ग’च्या आधी काढायची असते. नऊ खुणा घ्यायच्या, कुठल्या दोन जोडायच्या, कुठली उचलून आधी न्यायची, हे ठरवणारा एक वेगळा थर लागतो. त्या थराला फॉन्टनं सांगावं लागतं की ‘त्न’ असा दिसतो. मी वापरलेल्या लायब्ररीत तो थर चालू नव्हता. तिनं भाबडेपणानं नऊ चित्रं एका रांगेत लावली.

त्या रात्री स्टिकरं दुरुस्त करता करता मी विंडोजवरच्या ‘मंगल’ फॉन्टची माहिती शोधली. रोज बघतो तो फॉन्ट. बँकेचा फॉर्म, सरकारी आदेश, कोणाचं तरी वर्डमधलं पत्र, सगळं त्यातच. पण तो कोणी काढला असेल हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. नाव सापडलं: रघुनाथ जोशी, टाइप डायरेक्टर, सोबत विनय सायनेकर. ‘टाइप डायरेक्टर’ या पदवीनं मी थोडा थबकलो. आमच्या धंद्यात आर्किटेक्ट असतात, लीड असतात, मॅनेजर तर पैशाला पासरी असतात. डायरेक्टर हा शब्द दुसऱ्या घरचा. सिनेमातला, नाहीतर जाहिरातीतला.

जाहिरातीतलाच निघाला.

रघुनाथ कृष्ण जोशी, मराठी वाचकांना माहीत असलेले र. कृ. जोशी. १९३६ चा जन्म. मुंबईत जे. जे.मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण, मग डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चित्रकार, मग उल्का ॲडव्हर्टायझिंगमध्ये आर्ट डायरेक्टर म्हणून दोन दशकांच्या आसपास. कवी, सुलेखनकार, पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक. आणि साठी उलटल्यावर, जगातल्या कोट्यवधी संगणकांवर जाऊन बसलेल्या देवनागरी फॉन्टचे कर्ते. चरित्राचा हा उतार मला फार चमत्कारिक वाटला. साबण, कापड विकणाऱ्या धंद्यातून माणूस लिपीच्या पायाभरणीपर्यंत पोचतो कसा? पुढच्या दोन-तीन वर्षांत जमेल तसं वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की देवनागरीच्या बाबतीत दुसरीकडून कोणी पोचणं जवळपास अशक्यच होतं.

त्यासाठी आधी छापखान्यात डोकवावं लागतं. शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात इंग्रजीचं काम एका खोक्यात मावायचं. सव्वीस मोठी अक्षरं, सव्वीस लहान, आकडे, विरामचिन्हं, संपलं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं अशी शेकडो खिळ्यांची फौज. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या टाइपांनी मराठी-संस्कृत पुस्तकाला देखणं रूप दिलं, हे खरंच. पण ते पुस्तकाचं अक्षर. सलग वाचायचं, डोळ्याला न टोचणारं. जाहिरातीला लागतं ते उलट: पानावर ओरडणारं, किंवा कुजबुजून लक्ष वेधणारं. इंग्रजी मथळ्यासाठी आर्टिस्टपुढे टाइपांचे जाडजूड नमुनाग्रंथ असायचे. मराठी मथळ्यासाठी जाड आणि बारीक, अशी दोन-चार वळणं. मग उरतो एकच मार्ग, कुंचला उचलायचा आणि शब्द हातानं काढायचा. तो काढलेला शब्द छायाचित्र घेऊन जस्ताच्या ब्लॉकवर उतरवायचा आणि खिळ्यांच्या शेजारी बसवायचा.

म्हणजे मराठी जाहिरातीत मोठं अक्षर ही छापखान्याची गोष्ट नव्हतीच, ती चित्रकाराची होती. अक्षराचं वजन, तोल, जोडाक्षराची मांडणी यांवर रोज, पैसे घेऊन, मुदतीच्या आत विचार करणारी माणसं महाराष्ट्रात होती ती जाहिरात कंपन्यांत, वर्तमानपत्रांच्या कलाविभागांत आणि रस्त्यावर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांत.

या धंद्याचं मराठीपण तसं जुनं. गिरगावात १९०५ मध्ये सुरू झालेली बी. दत्ताराम ही देशातल्या सगळ्यात जुन्या जाहिरात कंपन्यांपैकी एक मानली जाते. नंतर विलायती आणि अमेरिकन कंपन्या आल्या, जे. वॉल्टर थॉम्प्सन १९२९ मध्ये, लिंटास १९३९ मध्ये. त्यांच्याबरोबर एक पद्धत रुजली. जाहिरात इंग्रजीत सुचायची, इंग्रजीत मंजूर व्हायची आणि मग ‘भाषांतराला’ जायची. इंग्रजीतले तीन ठसठशीत शब्द मराठीत पाच व्हायचे, पण चौकट तेवढीच. वर मात्रा, खाली उकार, त्यांना जागा हवी. ती चौकट आखणाऱ्याच्या गावीही नसायची.

हे वाचताना मला हसू आलं, कारण माझी नोकरी हीच आहे. एका ॲपच्या मराठी आवृत्तीवर मी दोन वर्षं काम केलं. त्यात ‘पैसे भरा’ असं एक बटण होतं. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठरलेली. पहिल्या चाचणीत मात्रा वरून छाटल्या गेल्या आणि फोनवर दिसायला लागलं ‘पस भरा’. मीटिंगमध्ये मी उंची वाढवा म्हटलं, तर उत्तर आलं की डिझाईन मंजूर झालेलं आहे. साठ वर्षांपूर्वी एखाद्या एजन्सीतल्या मराठी आर्टिस्टनं हेच वाक्य ऐकलं असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

अक्षर आणि विक्री यांचा मेळ घालणारा एक जुना उद्योग मात्र एजन्सीच्या बाहेर, सांगली भागातल्या एका कारखान्यात झाला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं हे बातमीपत्र. मालाची माहिती शेतकऱ्यांपर्यंत, दुकानदारांपर्यंत जावी हा साधा हेतू. म्हणजे चक्क जाहिरात. पण शंवाकि स्वतः चित्रकार होते आणि त्यांना कळलं की लोक नांगराच्या जाहिरातीसाठी मासिक विकत घेणार नाहीत; वाचण्याजोगं काही द्या, नांगर त्यात आपोआप येईल. ‘खबर’ पुढे नावातून गळलं, ‘किर्लोस्कर’ उरलं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या या मासिकांवर पोसल्या. आज ‘कंटेंट मार्केटिंग’ या नावानं जे शिकवायला पैसे घेतात, ते किर्लोस्करवाडीत शंभर वर्षांपूर्वी चालू होतं. मला या उद्योगाबद्दल मनापासून आदर आहे. जाहिरातीतून इतकं काही चांगलं निघाल्याची उदाहरणं फार नाहीत.

आणि इथे रत्नागिरी पुन्हा गोष्टीत येते. त्या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७. त्यांच्या रत्नागिरीपर्वातलं अस्पृश्यता निवारण, पतितपावन मंदिर सगळ्यांना शाळेत शिकवतात. लिपिशुद्धीची चळवळ क्वचित. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं कशाला, ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार द्या; अि, अी, अु, अू. छापखान्यातले खिळे कमी होतील, टंकयंत्र सोपं होईल. ‘किर्लोस्कर’ मासिकांनी ही ‘अ’ची बाराखडी खरोखर वापरली. आजीच्या ट्रंकेत जुने अंक होते, त्यात ‘अितका’, ‘अुद्योग’ असं वाचताना लहानपणी मला ती छपाईची चूक वाटायची.

त्याच्या आधी टिळक. जन्म रत्नागिरीचाच, १८५६ चा. ‘केसरी’ छापताना खिळ्यांचा हा पसारा त्यांनाही छळत होता आणि टाइपांची संख्या कमी करायच्या खटपटीत त्यांनी बराच वेळ घातला. १९०५ मध्ये काशीला नागरी प्रचारिणी सभेत त्यांनी साऱ्या देशाला एक लिपी असावी असं मांडलं. दोघांची राजकारणं वेगळी, पण लिपीपुढचा प्रश्न एकच: यंत्राला झेपेल इतकी देवनागरी छाटायची कशी? यंत्र मोठं, लिपीनं वाकायचं. आपल्या गावाशी नातं असलेल्या दोन पुढाऱ्यांनी याच प्रश्नावर डोकं घातलं, आणि एका शतकानंतर मी त्याच गावात बसून त्याच गावाचं नाव चुकीचं छापलं.

र. कृ. जोशींनीही या जातीचा एक प्रयोग करून पाहिला होता. ‘देशनागरी’, भारतातल्या सगळ्या भाषांसाठी एक सामाईक लिपी. ती चालली नाही. लिप्या सभांमधून किंवा ड्रॉइंग बोर्डवरून बदलत नाहीत हे एव्हाना दिसलेलं होतं. पण या खटाटोपानं त्यांना एक मोठी शिदोरी दिली असावी: तमिळपासून बांग्लापर्यंत प्रत्येक लिपीचं हाड कसं आहे याचा अभ्यास.

‘उल्का’ हे नावच तेव्हा वेगळं होतं. कीमर, थॉम्प्सन, लिंटास, स्ट्रोनॅक यांच्या रांगेत १९६१ मध्ये बाळ मुंडकूरांनी एक अस्सल देशी शब्द पाटीवर लावला. जोशी तिथे गेले आणि १९८३ पर्यंतची त्यांची उमेदीची वर्षं त्या पाटीखाली गेली. त्या काळची मुंबईतली जाहिरातसृष्टी ही मराठी साहित्याची न सांगितलेली शाखा होती. अरुण कोलटकर जे. जे.तून आलेले आर्ट डायरेक्टर. कमर्शिअल आर्टिस्ट्स गिल्डचे पुरस्कार सहा वेळा घेतलेले आणि त्यांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये बसवलेले. दिलीप चित्रे, किरण नगरकर यांनीही जाहिरातीत नोकऱ्या केल्या. ‘जेजुरी’ १९७६ चं, ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ चं. ही पुस्तकं लिहिणाऱ्या माणसांचा महिन्याचा पगार कुठल्या तरी मालाच्या खपावर अवलंबून होता.

हे सांगताना एक गंमतीचा सूर लावायची पद्धत आहे: बिचारा कवी, पोटासाठी साबण विकत होता. मला तो सूर पटत नाही. जाहिरातीनं या लोकांना शिकवलं असणारच. शब्दाला पानावर जागा लागते. तो वाचला जायच्या आधी दिसतो. आणि एक शब्द जास्त असेल तर तो खर्चाचा आहे. कोलटकरांची मराठी पुस्तकं नुसती हातात घेऊन बघा. जोशी तर सरळ दृश्यकवितेकडेच गेले. अक्षरांच्या मांडणीतून कविता होते का, याचा शोध लघुनियतकालिकांच्या त्या धामधुमीत घेणाऱ्यांत ते होते. सकाळी कोणाच्या तरी मालासाठी मथळा रेखाटणारा हात संध्याकाळी त्याच अक्षरांना कामावरून सुट्टी देत होता. याला समांतर एक उदाहरण कलकत्त्याचं. सत्यजित राय १९४३ पासून कीमरच्याच तिथल्या कचेरीत होते, आणि सिनेमाबरोबर त्यांनी ‘रे रोमन’सारखी रोमन लिपीची वळणंही काढली. रायांनी रोमन काढली आणि जोशींनी देवनागरी, यात कोणाला काही अर्थ काढायचा असेल तर काढावा.

याच पिढीतला दुसरा माणूस कमल शेडगे. १९३५ चा जन्म, म्हणजे जोशींहून एका वर्षानं मोठे. टाइम्स समूहात त्यांनी आयुष्य काढलं, आणि मराठी नाटकांच्या जाहिरातींमधलं अक्षर म्हणजे शेडगे असं समीकरण झालं. वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर दोन इंची चौकटीत नाटकाचं नाव असं यायचं की नाटक विनोदी आहे की ऐतिहासिक की घरगुती भानगडीचं, ते न वाचता कळावं. त्यांच्या पुस्तकांची नावंसुद्धा धंदा सांगणारी, ‘चित्राक्षरं’, ‘कमलाक्षरं’, ‘माझी अक्षरगाथा’.

आमच्याकडे मुंबईचा पेपर उशिरा यायचा, पण नाटकाचं पान चुकायचं नाही. आमच्या आळीच्या तोंडाशी एका पेंटरकाकांचं दुकान होतं. मारुतीच्या देवळाच्या कमानीपासून किराणा दुकानाच्या पाटीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. दोऱ्याला खडू चोळून, ताणून टण्णकन सोडायचे, की पत्र्यावर सरळ रेघ. मग त्या रेघेला अक्षरं टांगायची. त्यांच्याकडे एक फुगलेली वही होती. त्यात नाटकांच्या जाहिराती कापून चिकटवलेल्या. “हा माझा गुरू,” म्हणायचे, आणि गुरूचं नाव त्यांना कित्येक वर्षं माहीत नव्हतं, कारण जाहिरातीवर कोणी सही करत नाही. ज्याच्या अक्षराकडे पाहून एक पेंटर शिकला आणि त्या पेंटरच्या पाट्या वाचत आम्ही जोडाक्षरं शिकलो, तो माणूस आम्हाला निनावीच होता. कमल शेडगे गेले ते जुलै २०२० मध्ये, माझ्या त्या आंब्याच्या हंगामानंतर लगेच. बातमीतला फोटो मी काकांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “असा होय दिसायचा.”

शेडगे आणि जोशी ही दोन नावं मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. हातानं मथळा काढणारा एकच शब्द काढतो. ‘रत्नागिरी’ काढायचं असेल तर ‘त्न’ कसा बसवायचा, ‘गि’ची वेलांटी किती लांब वाकवायची, शेवटच्या ‘री’ला शेपूट द्यायचं का, हे त्या शब्दापुरतं ठरतं. दुसऱ्या शब्दात तीच वेलांटी वेगळी. फॉन्ट काढणाऱ्याला ही चैन नाही. त्यानं काढलेली वेलांटी अजून न लिहिलेल्या प्रत्येक शब्दात जाऊन नीट बसली पाहिजे. पहिलं काम शिवणकाम, मापं घेऊन. दुसरं म्हणजे सगळ्या गावाला बसेल असा अंगरखा. जोशींनी पहिलं काम वर्षानुवर्षं केलं आणि मग दुसऱ्याकडे वळले.

१९८३ मध्ये ते पवईला आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवायला गेले, १९९६ पर्यंत तिथे होते. संगणकावर देवनागरी यायला लागली होती, पण कशी, ते आठवून पाहा. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि आतली व्यवस्था वेगळी. इंग्रजीच्या ‘के’च्या जागी देवनागरी चित्र बसवलेलं, म्हणजे संगणकाला ते इंग्रजीच वाटायचं. एका छापखान्यातली फाईल दुसऱ्या छापखान्यात उघडली की पानभर इंग्रजी कचरा. मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ वाचायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्या. तांत्रिक भाषेत, तो मजकूर मराठी नव्हताच. मराठीचा मुखवटा घातलेला होता. शोध घेता येत नव्हता, अकारविल्हे लावता येत नव्हतं.

भारत सरकारचं इस्की नावाचं मानक १९९१ मध्ये पक्कं झालं. त्याच सुमाराला आलेल्या युनिकोडनं इस्कीचीच आधीची, १९८८ ची मांडणी घेऊन देवनागरीला १२८ जागा दिल्या. या १२८ जागांत ‘त्न’ नाही. ‘क्ष’ नाही, ‘ज्ञ’ नाही, रफार नाही. नुसती मुळाक्षरं, मात्रा आणि हलन्त. जोडणी फॉन्टनं करायची. टिळक-सावरकरांना पडलेलं कोडं इथे उलटं करून सुटलं. खिळे कमी करायचे ना? साठवताना कमी करा, दिसताना हवी तेवढी श्रीमंती ठेवा. लिपीला छाटायची गरजच उरली नाही. माझ्या मते गेल्या दोनशे वर्षांत देवनागरीच्या बाबतीत झालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि ती एका मानकाच्या रुक्ष तक्त्यात आहे.

पण तक्ता अक्षर काढत नाही. कुठल्या दोन व्यंजनांचं जोडाक्षर आडवं, कुठल्याचं उभं, रफार ‘र्ती’वर कुठे टेकवायचा, ‘ट्रॅ’मध्ये किती मजले चढवायचे, हे एकेक करून कोणीतरी ठरवावं लागतं. आणि ते संगणकाच्या पडद्यावर, बारा-चौदा ठिपक्यांच्या उंचीत वाचता यावं लागतं. जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत (ही पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली) जोशींनी हे काम केलं. २००० मध्ये विंडोज २००० आलं त्यात ‘मंगल’ होता आणि तमिळचा ‘लता’. पुढच्या आवृत्त्यांत गुरुमुखीचा रावी, गुजरातीचा श्रुती, कन्नडचा तुंगा, तेलुगूचा गौतमी, मल्याळमचा कार्तिका, बांग्लाचा वृंदा. रावी, तुंगा, गौतमी, तीन नद्या. ‘देशनागरी’नं सगळ्या लिप्यांना एक करायचं स्वप्न पाहणारा माणूस शेवटी प्रत्येक लिपीला तिचं स्वतःचं घर बांधून देत होता. एनसीएसटीतून ‘रघु’ नावाचा फॉन्टही मुक्त परवान्यावर बाहेर पडला. लिनक्स वापरणाऱ्या जुन्या मंडळींना तो आठवत असेल.

‘मंगल’ला नावं ठेवायला सोपं आहे आणि मी ती ठेवतोही. त्यातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा आहे. मराठी शाळेत पाकळ्यांचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ गिरवलेल्या डोळ्याला तो परकाच वाटतो. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाला आदेश काढून पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरा असं सांगावं लागलं. ओळींमध्ये अंतर फार पडतं. आणि तो सगळीकडे एकसारखा दिसतो: लग्नाच्या फलकावर, श्रद्धांजलीवर, पाणी बंद असल्याच्या सूचनेवर. पेंटरकाकांचं दुकान २०१० च्या आसपास बंद झालं, त्यांच्या समोरच फ्लेक्सचं आलं. काकांना ‘मंगल’ दाखवला तर ते म्हणाले, “अक्षर वाईट नाही. पण हे बोलतंय हळू, आणि तुम्ही त्याला चौकात ओरडायला लावताय.” यापेक्षा नेमकं टीकालेखन मी वाचलेलं नाही. तो फॉन्ट पडद्यावर, जवळून, बारीक आकारात वाचण्यासाठी काढला होता. त्याला वीस फुटांवर नेऊन टांगणारे आपण. जाहिरातीत आयुष्य घालवलेल्या माणसाचं अक्षर जाहिरातीसाठी नव्हतंच, हा विरोधाभास जोशींना ठाऊक असणार.

र. कृ. जोशी ५ फेब्रुवारी २००८ ला सॅन फ्रान्सिस्कोत वारले. मी तेव्हा शाळेत होतो, संगणकाच्या तासाला ‘मंगल’मध्ये माझं नाव टाइप करत असेन. त्यांची बातमी आमच्या घरी कोणी वाचली असल्याचं मला आठवत नाही.

स्टिकरांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. वेळ नव्हता, आंबा थांबत नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररी बदलून नवीन फाईल केली, पण छपाईवाल्याकडचा स्टिकरचा कागद संपला होता आणि टाळेबंदीत नवा येणार नव्हता. आई म्हणाली, जुन्या पद्धतीनं करा. मी पेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचं स्टेन्सिल काढलं, आमच्या आजोबांच्या काळचं, लाकडी पेट्यांवर मारायचं. ‘रत्नागिरी’ कापताना ‘गि’ची वेलांटी तुटू नये म्हणून तिला दोन जागी बारीक पूल ठेवलेले होते. चारशे पेट्यांना आम्ही तिघांनी दोन दिवस काळा रंग मारला. काका तोंडाला पंचा बांधून ओट्यावर बसले होते आणि रंग जास्त झाला की ओरडत होते.

पुढच्या वर्षी स्टिकरं नीट छापून आली. ‘त्न’ जुळलेला, वेलांटी ‘ग’च्या आधी. पुण्याच्या एका आजींचा फोन आला. आंबा गेल्या वर्षीसारखाच आहे म्हणाल्या, पण ते काळं अक्षर कुठे गेलं?